हात सरळ करून दाखव

अमरावती सोडली त्या दुपारी मला पोचवायला स्टँडवर चौघं आली होती. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि शीतल. नागपूरची बस लागलेली होती. नागपूरहून विमानाने मुंबई, तिथून पुढे सिंगापूर. भावाने मोठी बॅग डिकीत ढकलली. लहान बॅग शीतलने उचलली आणि आत सीटवर नेऊन ठेवली. डाव्या हाताने. कंडक्टर तिला म्हणाला, उजव्या हातानं धरा ना ताई, पडंल ना. शीतल नुसती हसली.

तो उजवा हात म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या बेसबॉल संघाचा कणा होता. शीतल पिचर होती. तिने टाकलेला चेंडू बॅटला लागला तर समोरच्या संघातल्या मुली टाळ्या वाजवायच्या, इतकी ती गोष्ट दुर्मीळ होती. आणि मी तिची कॅचर, म्हणजे तिच्या समोर उकिडवी बसून तिचा प्रत्येक चेंडू झेलणारी. ज्या दिवशी मी गाव सोडलं, त्या दिवशी शीतलला तो हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. वेणी तिची आई घालून द्यायची. वय पंचविशीच्या आतबाहेर.

बस सुटली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. घरच्यांना वाटलं, पोरगी गाव सोडताना रडतेय. मी रडत नव्हते, मी संतापले होते. त्या संतापाला तेव्हा कुठे न्यावं ते मला कळत नव्हतं, म्हणून तो मी बरोबर घेऊन आले.

आता इतक्या वर्षांनी लिहितेय ते शीतल, तुझ्यासाठी, आपल्या संघातल्या इतर मुलींसाठी, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन राहिलेल्यांसाठीसुद्धा. इकडच्यांना ही हकीकत अर्धी ठाऊक आहे आणि ती अर्धी त्यांनी आपापल्या सोयीने सांगितली आहे.

आधी शीतलचं सांगते. आमच्या संघात पिचर एकच नव्हती. वंदना होती, अजून दोघी होत्या. त्या होतकरू होत्या, आमचे कोच सर स्वतःच म्हणायचे. पण त्यांना सामन्यात कधी उतरवलं नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत सरांनी सगळे सामने शीतललाच टाकायला लावले, सकाळचाही तिने आणि दुपारचाही तिने. कॅचरच्या तळव्याला सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी तिचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये वेगळा बसायला लागला, जड, उशिरा येणारा. मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, शीतलचा हात दुखतोय, वंदनाला टाकू द्या. सर चहा पीत होते. ते म्हणाले, "तू कॅचर आहे ना? मंग पकड. तुह्यं काम तेवढंच."

आम्ही जिंकलो. सरांचा हार घातलेला फोटो पेपरात आला. पुढे त्यांना कसला तरी पुरस्कार मिळाला. शीतल पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जायची होती, चाचणीला तिला गोळा उचलून फेकता आला नाही. संपलं. वंदनानेही खेळ सोडला, कारण जी कधी टाकतच नाही तिला पिचर कोण म्हणणार? एका हाताचा चुराडा झाला आणि बाकीचे हात न वापरता वाया गेले, आणि या सगळ्याला आमच्याकडे सुवर्णपदक म्हणतात.

मी सिंगापूरला आले ती संशोधनासाठी. क्लेमेंटीला एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण आँटी चांगली होती, पण फोडणी करायची नाही ही तिची अट होती. मी नाही केली. वर्षभर उकडलेल्या भाज्या आणि राइस कुकरमधला भात खाल्ला, रविवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, मिळेल ते. लॅबमध्ये कुणी माझा शब्द मध्येच तोडला तर मी गप्प बसायचे. बस वेळेवर येते, रस्त्यावर कुणी छेडत नाही, रात्री एकटीने चालता येतं, याचंच मला इतकं अप्रूप होतं की बाकी कशाबद्दल बोलावंसंच वाटायचं नाही. आवाज खाली आला. घरी फोन केला की आई म्हणायची, तुझं बोलणं ऐकूच येत नाही, लाइन खराब आहे का.

मग संदेश भेटला. तो अकोल्याचा, इंजिनियर, आमच्यातलाच, म्हणजे बौद्ध. लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव मैत्री, आणि क्लेमेंटीतच सरकारी वसाहतीत स्वतःचा एचडीबी फ्लॅट झाला. मैत्री इथल्या शाळेत वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि शेवटी इथला सिंगापुरी 'लाह' जोडते. आजीशी फोनवर बोलताना मात्र ती वऱ्हाडी झाक असलेलं मराठी बोलते आणि ते कुठून आलं हे तिलाही सांगता येत नाही.

बेसबॉल आमच्या घरात परत आला तो अभिजितमुळे. अभिजित पुण्याचा, मोठ्या कंपनीत मॅनेजर. आधी बरीच वर्षं अमेरिकेत होता, तिथे या खेळाचं वेड लागलं. इथे येऊन त्याने मुलांचा क्लब काढला. मुलं-मुली एकत्र, बहुतेक मराठी, थोडी तमिळ, थोडी इथली चिनी. दोन संघ: वरचा 'मेजर्स', खालचा 'मायनर्स'. खालून तयार होऊन वर जायचं, अशी कल्पना. एका गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी त्याला सांगितलं की मी विद्यापीठाकडून खेळलेय. तो धावतच आला. किती आनंद झाला होता त्याला. म्हणाला, ताई, तुम्ही मायनर्स घ्या, तुमच्यासारखं माणूस मला शोधून सापडलं नसतं. मग आडनाव विचारलं. मी तायडे सांगितलं. अच्छा, अच्छा, म्हणाला, आणि आवाज अगदी थोडासा बदलला. हा बदल ज्यांनी आयुष्यभर ऐकलाय त्यांना तो कळतो, इतरांना मी कितीही सांगितलं तरी कळणार नाही.

तरी मी मायनर्स घेतले, कारण मुलं गोड होती. मैत्री होतीच, आणि जुन वेई नावाचा एक लाजाळू मुलगा, ज्याचा चेंडू हवेत असा वळायचा की मीच बघत राहायचे. दर शनिवारी, रविवारी ऊन डोक्यावर घेऊन आम्ही सराव करायचो. मी मुलांना सांगायचे, नीट शिका, वर तुम्हाला संधी आहे.

वर संधी नव्हती. वर ईशान होता.

ईशान चौदा वर्षांचा, उंच, शांत, आणि खरोखर देणगी असलेला मुलगा. त्याची आई केतकी, तीही पुण्याची, बँकेत. सेरंगूनला त्यांचा काँडो, म्हणजे खासगी सोसायटीतला महागडा फ्लॅट. ईशानचा चेंडू पाहिला आणि माझ्या जुन्या तळव्याला शीतल आठवली, इतका स्वच्छ. त्याच्या जोरावर मेजर्स जिंकायला लागले. अभिजितच्या फोनवर ईशानचेच व्हिडिओ. पालकांच्या ग्रुपवर ईशान, ईशान. त्यात त्या पोराचा काय दोष? तो कुणाशी तोऱ्यात वागायचा नाही. मायनर्सच्या मुलांना आपणहून ग्रिप, चेंडूवरची पकड, दाखवायचा. मैत्रीचं आणि त्याचं चांगलं जमायचं.

मुलांच्या लीगमध्ये नियम असतो. एका पिचरने एका सामन्यात ठरावीकच चेंडू टाकायचे, मग ठरावीक दिवस विश्रांती. वाढत्या वयाच्या हाडांसाठी तो नियम आहे. अभिजित तो काटेकोर पाळायचा, लीगच्या सामन्यात. पण मधल्या शनिवारी तो मैत्रीपूर्ण सामने ठेवायचा, आणि ते लीगमध्ये धरले जात नसत. तिथेही ईशानच. सरावात पुन्हा ईशानच. म्हणजे नियम पाळला जात होता आणि पोराचा हात मोडला जात होता, दोन्ही एकाच वेळी.

मला कळलं ते मैत्रीमुळे. सराव संपवून आम्ही बसने घरी येत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती, मग एकदम म्हणाली, "आई, ईशान कान्ट स्ट्रेटन हिज आर्म. ही सेड डोन्ट टेल, लाह."

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, बरेच दिवस. डब्याचं झाकण तीच उघडून देते त्याला. तो घरी सांगत नाही, कारण आई-बाबा दर सामन्याला रजा टाकून येतात. आणि अभिजित सरांना त्याने सांगितलंय. सर म्हणाले, बर्फ लाव, मोठे खेळाडू दुखण्यातूनच घडतात.

 वीस वर्षांपूर्वीचा तो चहाचा कप मला डोळ्यांसमोर दिसला. माणूस वेगळा, देश वेगळा, आणि बोलणं तेच.

पुढच्या सरावाला मी अभिजितला बाजूला घेतलं. अगदी शांतपणे म्हटलं, ईशानला काही आठवडे थांबवू या, मायनर्सचे तीन पिचर तयार आहेत, त्यांना एकेक इनिंग द्या. तो हसून म्हणाला, ताई, तुमची कळकळ समजते, पण कोच मी आहे. मायनर्स अजून कच्चे आहेत. मी म्हटलं, टाकल्याशिवाय पक्के कसे होतील? त्यावर त्याने घड्याळाकडे पाहिलं.

मग मी केतकीकडे गेले. तिच्या काँडोच्या पोहण्याच्या तलावाशेजारी आम्ही बसलो. तिने आल्याचा चहा करून आणला होता, आदबीने वागली. मी सगळं सांगितलं, शीतलचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमची मैत्रीही पिचरच आहे ना?"

तेवढंच विचारलं तिने.  मैत्री पिचर होतीच, मायनर्सची पहिली पिचर. ईशान बसला असता तर तिलाच संधी होती. मी कितीही खरं बोलले तरी ते मुलीसाठी केलेली धडपड म्हणूनच ऐकलं जाणार, हे मला त्या तलावाशेजारी कळलं. चहा अर्धा टाकून मी निघाले.

त्यानंतरच्या रविवारी सामना जिंकून सगळे पालक तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसले होते. टेबलं जोडलेली, मुलं पलीकडे उसाचा रस पीत होती. मी सगळ्यांसमोर विषय काढला. खासगीत बोलून जे होत नव्हतं ते चारचौघांत बोलायचं ठरवलं होतं. ईशानच्या हाताबद्दल बोलले नाही, तो त्याच्या आईबापांचा प्रश्न होता. एवढंच म्हटलं की सगळं ओझं एकाच मुलावर नको, खालच्या मुलांनाही इनिंग द्या.

अभिजितने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. हसला. चांगलं, मोकळं हसू. म्हणाला, "ताई, इथे कोटा नाही हो. इथे मेरिटवर चालतं."

दोघंतिघं हसले. एक जण खाली बघून नूडल्स ढवळायला लागला. केतकी पाण्याची बाटली उघडत होती, ती उघडतच राहिली. संदेशने टेबलाखालून माझा हात धरला, म्हणजे गप्प बस.

शीतल, तुम्ही सगळ्या अमरावतीतच राहिलात, तेव्हा तुम्हाला वाटत असेल की इथे असलं काही नसेल. समुद्र ओलांडला, सगळे एकाच रंगाचे पास गळ्यात घालून ऑफिसला जातात, एकाच एमआरटी मेट्रोत उभे राहतात. मलाही तसंच वाटायचं. माणसं जात सामानात घालून आणतात, हे मला त्या टेबलावर कळलं. आणि बघा, किती हुशारीने बोलला तो. नाव नाही, जात नाही, शिवी नाही. कुणाला सांगायला गेलं तर सांगणार काय? तो 'कोटा' म्हणाला? बेसबॉलबद्दल बोलत होता की.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "कोटा तर आहेच. सगळ्या इनिंग एकाच पोराच्या नावावर राखून ठेवल्यात, त्याला तुम्ही दुसरं काय म्हणता?"

 मी उठून मैत्रीला घेऊन निघाले.

घरी संदेश मला रागावला नाही, पण समजावत राहिला. आपली इथे माणसं किती, म्हणाला. याच चेहऱ्यांना उद्या भेटायचंय. मुलीच्या खेळापायी कशाला वैर. मी त्याला म्हटलं, ही मुलीच्या खेळाची गोष्ट आहे असं तुलाही वाटतं का?  त्याला ऑफिसात याहून जास्त ऐकावं लागतं आणि तो ते घरी आणत नाही, हे मला माहीत आहे. पण न आणल्याने ते संपत नाही. दुसऱ्या दिवशी आईशी बोलले तर तिचंही तेच. सगळं ऐकून म्हणाली, "तिकडे कोनासंग नको भांडजो, माय." माझ्या आईने जन्मभर कुणाशी भांडण केलं नाही आणि त्याबद्दल तिला कुणी काही दिलं नाही.

उपांत्य सामना तोआ पायोहच्या मैदानावर होता. मी मायनर्सची कोच म्हणून खेळाडूंच्या बाकावर बसले होते, माझी मुलं राखीव होती. ऊन आणि दमट हवा, गवतावर नुकत्याच पडून गेलेल्या पावसाचं पाणी. ईशानने सुरुवात चांगली केली. मग मी बघितलं, चेंडू टाकून झाला की तो हात अंगाजवळ दुमडून घेत होता, पाखराच्या पंखासारखा. पुढचा चेंडू जड गेला. त्यापुढचा उशिरा. मी त्याच्यापासून इतकी लांब बसले होते, पण माझ्या डाव्या तळव्याला ते चेंडू लागत होते.

मी उठले आणि मैदानात चालत गेले.

अंपायर इथलाच एक वयस्कर माणूस होता, त्याने हात वर करून खेळ थांबवला. अभिजित मागून ओरडत होता, ताई, परत या, काय चाललंय. मी पिचरच्या उंचवट्यापर्यंत गेले. ईशान घामाने भिजला होता, ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, "ईशान, हात सरळ करून दाखव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, बाळा, फक्त सरळ कर. त्याने हात पुढे केला. कोपर अर्ध्यावर थांबलं. त्याने जोर लावला तसा हात थरथरला आणि पुढे गेला नाही. मग त्याचा चेहरा मोडला आणि तो रडायला लागला, मोठ्या मुलासारखं नाही, अगदी लहान पोरासारखं. सगळ्या मैदानासमोर.

अंपायर जवळ आला होता. त्याने ते कोपर पाहिलं आणि अभिजितकडे वळून म्हणाला, "कोच, धिस बॉय कॅनॉट. टेक हिम आऊट."

कडेच्या जाळीपाशी केतकी उभी होती. तिने दोन्ही हातांनी जाळी धरलेली होती.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सामना बाकी होता. अभिजितने बाकाकडे पाहिलं आणि रागारागात मैत्रीला बोट केलं, जा. तिने मोठ्या सामन्यात कधी एक चेंडू टाकला नव्हता. समोर तयार संघ, बेसवर दोन धावपटू. ती गेली. पहिला चेंडू जमिनीवर आपटला. दुसरा बाहेर. तिने ज्या मुलांना सरावात सहज बाद केलं असतं, तसल्या मुलांना तिने फुकट बेस दिले. धावा जात राहिल्या. ती दर चेंडूनंतर माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे, टाक, टाक. आम्ही वाईट हरलो. मी तिला कुठेही खाली बघताना पाहिलं नाही. सामना संपल्यावर तिने समोरच्या संघाशी हात मिळवले आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसली.

बाहेर एक पालक माझ्याजवळून जाताना म्हणाला, हेच हवं होतं ना तुम्हाला? आणि दुसरा, बघितलं ना, म्हणूनच सर यांना खेळवत नव्हते.

याचा मला सगळ्यात जास्त राग आला आणि अजून येतो. जेवायला न देता माणसाला उपाशी ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, याच्यात ताकदच नाही. माझ्या आजोबांना हेच सांगितलं गेलं, बाबांना ऑफिसात हेच सांगितलं गेलं, आणि आता सिंगापूरच्या हिरव्यागार मैदानावर माझ्या बारा वर्षांच्या मुलीला.

ईशानच्या कोपराला वाढत्या हाडाचा जो कोवळा भाग असतो, तो ओढून ओढून सुटत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन टळलं, पण बराच काळ चेंडूला हात लावायचा नाही. अजून थोडे सामने टाकले असते तर हाताचं काही खरं नव्हतं. हे मला केतकीने सांगितलं. ती एका संध्याकाळी आमच्या ब्लॉकखाली आली आणि वर येत नाही म्हणाली, म्हणून मी खाली गेले. तिथल्या दगडी बाकावर आम्ही बसलो. तिने माफी मागितली नाही. नुसतं विचारलं, "अभिजितला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. ईशाननेच त्याला सांगितलं होतं.

ती म्हणाली, मला सांगितलं नाही त्याने. माझ्या पोराने मला सांगितलं नाही. मग ती चिडली, आधी स्वतःवर, मग अभिजितवर, आणि बोलता बोलता तिचा आवाज इतका चढला की समोरून जाणाऱ्या आँटीने वळून पाहिलं. मी तिला शांत केलं नाही. मला बरं वाटत होतं.

पालकांच्या पुढच्या बैठकीत केतकी बोलली. मी जे तीनदा सांगितलं होतं तेच बोलली, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि या वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या. मैत्रीपूर्ण सामन्यातले चेंडूही धरायचे असं ठरलं. प्रत्येक सामन्यात मायनर्सचा एक पिचर उतरवायचा असंही ठरलं. अभिजितने शरमल्यासारखा चेहरा केला आणि मान्य केलं. तो अजून कोच आहे. मी मायनर्सची आहे. पहिल्याच महिन्यात तो जुन वेईला सलग दोन दिवस टाकायला लावत होता, मी आणि केतकी दोघी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो, तेव्हा थांबला. असं उभं राहावं लागणार आहे, दर वेळी.

कोट्याचं काय? ते मी त्याच बैठकीत काढलं. म्हटलं, तुम्ही मला जे बोललात ते परत घ्या. तो म्हणाला, अहो ताई, जोक होता तो. बाकीच्यांनीही सांगितलं, जाऊ द्या हो, तो गमतीत बोलला. केतकी त्या वेळी काही बोलली नाही. पोराच्या हाताच्या बाबतीत ती माझ्याबरोबर आली, या बाबतीत नाही आली. मी ते विसरलेले नाही आणि तिला ते माहीत आहे. तरी आम्ही शनिवारी शेजारी बसून चेंडू मोजतो. मैत्रीण म्हणावं का, मला ठाऊक नाही.

मैत्री आता टाकते. चांगलं टाकते, कधी वाईट टाकते, पिचर जसे टाकतात तसं. ईशान सरावाला येऊन बसतो आणि डाव्या हाताने तिला ग्रिप दाखवतो.

हे सगळं मी शीतलला फोनवर सांगितलं. तिचं आता शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान आहे, मध्ये मध्ये पोरं येत होती, ती त्यांना खोडरबर देत देत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "पोराचा हात वाचला ना? मंग तू अजून कायले चिडतं वं?"

मी तिला म्हटलं, तुझा नाही वाचला म्हणून.  तेवढ्यात दुकानात कुणीतरी आलं आणि तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने तिने परत लावला आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलली, वंदनाच्या पुतणीच्या लग्नाबद्दल.

इतकी वर्षं मला कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी अमरावती सांगायचे. सिंगापूरबद्दल विचारलं तर कौतुक करायचे. किती स्वच्छ, किती सुरक्षित, सगळं कसं वेळेवर. ते कौतुक खरंच होतं, पण पाहुणा जसं यजमानाच्या घराचं करतो तसं होतं. पाहुणा कधी चिडत नाही. जेवण खारट झालं तरी छान म्हणतो आणि आपल्या घरी निघून जातो. अमरावतीचं मी कधी कौतुक केलं नाही. अमरावतीवर मी चिडत आले, सरांवर, त्या हारावर, शीतलची वेणी घालणाऱ्या तिच्या आईच्या गप्प बसण्यावर. आणि त्या दिवशी तोआ पायोहच्या ओल्या गवतावरून चालत जाताना मी इथे पहिल्यांदा तशी चिडले. कामाचा पास मिळाला, कायम राहायचा पीआर मिळाला, फ्लॅटची किल्ली मिळाली, तेव्हा जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं.

परत कधी येणार, असं तुम्ही दर फोनला विचारता. मला वाटतं, आता तो प्रश्न उरलेला नाही. मला दोन घरं आहेत. दोन्हीकडे माझं भांडण बाकी आहे, आणि ते अर्ध्यावर सोडून मी कुठेही जाणार नाही.